टाइमशेअर विकायचा आहे? दलाली आधी देऊ नका

कापडाच्या धंद्यात एक साधा नियम आहे. दलाल नमुना दाखवतो, भाव जुळवून देतो, बिल्टी येते, माल उतरतो, पैसे चुकते होतात आणि त्यानंतर दलालाची दलाली निघते. मालेगाव असो, सुरत असो की इचलकरंजी, सौदा होण्याआधी दलाली मागणाऱ्याला कोणत्याही पेढीवर दुसऱ्यांदा चहा मिळत नाही. बोदवडच्या लहानशा बाजारपेठेतही हा नियम सर्वांना पाठ आहे. पण तोच व्यापारी, तोच नोकरदार दुकानाबाहेर पडला आणि मोबाइलवर कोणी गोड बोलू लागला की हा नियम विसरतो. टाइमशेअर विकण्याच्या नावाखाली चालणारी फसवणूक याच विसरण्यावर उभी आहे.

हे लिहिण्याचे कारण घरातलेच आहे. माझे दुलाभाई भुसावळला रेल्वेत होते. २००८ साली जळगावच्या एका हॉटेलात त्यांना जोडप्याने जेवणाचे निमंत्रण आले. जेवण झाले, भेटवस्तूचे कूपन मिळाले आणि दोन तासांच्या गोड भाषणानंतर २ लाख २० हजार रुपयांची २५ वर्षांची हॉलिडे मेंबरशिप गळ्यात पडली. १६ वर्षांत ते चार वेळा फिरायला गेले. सुटीत खोली मागावी तर ती भरलेली आणि वार्षिक शुल्काचे बिल मात्र दरवर्षी वेळेवर. मुलीचे लग्न ठरले तेव्हा त्यांनी ही मेंबरशिप विकायचे मनावर घेतले. एका ठिकाणी जाहिरात दिली आणि आठ दिवसांत दिल्लीहून फोन आला.

बोलणाऱ्याला त्यांचे नाव, मेंबरशिप क्रमांक, घेतल्याचे साल, सर्व ठाऊक होते. मुंबईची एक मोठी कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अशा मेंबरशिपा घेत आहे, तुमचे ४ लाख ८० हजार येतील, असे त्याने सांगितले. प्रथम फाइलचे १४ हजार ५०० रुपये मागितले. नंतर ना-हरकत दाखल्याचे ३८ हजार. ही रक्कम दिल्यावर दुसऱ्याच दिवशी टीडीएसचे ५२ हजार मागितले, तेव्हा दुलाभाई माझ्या दुकानात आले. उसने पैसे हवे होते.

मी विचारले, "दुलाभाई, ग्राहक आपल्याला पैसे देणार की आपण ग्राहकाला?"

ते म्हणाले, "अरे, ते सर्व परत मिळणार आहे. चेकचा फोटोसुद्धा पाठवला आहे."

मी म्हणालो, "मला कोणी नोटांचा फोटो पाठवला तर मी साडी बांधून देऊ का?"

ते गप्प बसले. बराच वेळ गप्प बसले. साडेबावन्न हजार गेले होते आणि घरात अजून कोणाला ठाऊक नव्हते. असे गप्प बसलेले लोक आपल्या जिल्ह्यात अनेक असतील. त्यांच्यासाठी आणि जे अजून विकायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी ही माहिती देत आहे.

टाइमशेअर म्हणजे नेमके काय?

खान्देशात सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या असतात. एका भावाची सोमवारी, दुसऱ्याची मंगळवारी. टाइमशेअर ही अशीच एक पाळी आहे, फक्त पाण्याऐवजी सहलीच्या ठिकाणच्या खोलीची. वर्षातील ठराविक दिवस ती खोली आपल्याला वापरायला मिळते. फरक एवढाच की शेतात पाळीबरोबर विहिरीतही आपला हिस्सा असतो. येथे बहुतेक योजनांत पाळी आपली, विहीर मात्र कंपनीची. म्हणजे आपल्याला मालकी मिळत नाही, ठराविक वर्षांसाठी वापरण्याचा हक्क मिळतो.

ही कल्पना १९६० च्या दशकात युरोपात रुजली. १९७४ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे आरसीआय ही कंपनी निघाली आणि एका ठिकाणची सुटी दुसऱ्या ठिकाणी बदलून घेण्याची सोय झाली. आपल्या देशात १९८६ मध्ये मद्रासमध्ये स्थापन झालेल्या स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्सने हा धंदा लोकांपुढे आणला. १९९६ मध्ये महिंद्रा हॉलिडेज आली. तिच्या क्लब महिंद्राने हंगामांना जांभळा, लाल, पांढरा, निळा असे रंग दिले. गर्दीचा हंगाम महाग, मोकळा हंगाम स्वस्त. विकताना हा रंग, खोलीचा आकार आणि उरलेली वर्षे, या तीन गोष्टींवरच भाव ठरतो.

आधी कागद ओळखा

विकण्याआधी आपल्या हातात नेमका कोणता कागद आहे, हे पाहिले पाहिजे. कारण महाराष्ट्रात सुटीच्या नावाखाली ठेवी गोळा करणाऱ्या योजनाही चालल्या. याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीचे. हॉटेलातील खोलीच्या रात्री विकत घ्या, वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर ठराविक वाढीव रक्कम परत घ्या, असा तो प्रकार होता. एजंटांनी तो गावोगाव नेला. जुलै २०१४ मध्ये सेबीने कंपनीला नवीन पैसे घेण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला. आकडा होता सुमारे ७,०३५ कोटी रुपयांचा आणि गुंतवणूकदार ५१ लाखांहून अधिक. २०१७ मध्ये अपील फेटाळले गेले आणि २०२२ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. २०१५ मध्ये रॉयल ट्विंकल स्टार क्लब आणि सिट्रस चेक इन्स यांच्या हॉलिडे योजनांवरही सेबीने अशीच कारवाई केली.

सेबीच्या कायद्यातील कलम ११ एए ची कसोटी सोपी आहे. अनेकांचे पैसे एकत्र केले, देणाऱ्याने नफा किंवा मिळकतीच्या आशेने दिले, कारभार दुसऱ्याच्या हाती राहिला आणि रोजच्या व्यवहारात देणाऱ्याचा काही अधिकार नसला, तर ती सामूहिक गुंतवणूक योजना होते आणि तिला सेबीची नोंदणी लागते. आपल्या प्रमाणपत्रावर मुदतीनंतर अमुक रक्कम परत असे लिहिले असेल तर तो टाइमशेअर म्हणून बाजारात विकण्याचा माल नाही. त्याचा मार्ग म्हणजे सेबीच्या किंवा न्यायाधिकरणाच्या प्रक्रियेत दावा. असे जुने प्रमाणपत्र विकत घेतो किंवा फी घेऊन पैसे सोडवून देतो असे म्हणणारा माणूस दुसरी फसवणूक करायला आला आहे, असे समजावे. पर्ल्स म्हणजे पीएसीएलच्या प्रकरणात न्यायमूर्ती लोढा समितीने, मागणी झाल्याशिवाय मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या हाती देऊ नका, असा इशारा गुंतवणूकदारांना दिला होता. तो इशारा येथेही लागू पडतो.

खरा भाव किती?

फसवणुकीचे पहिले बीज फुगवलेल्या भावात असते. म्हणून आपला भाव आपणच काढावा. एक नमुन्याचा हिशेब पाहा.

समजा २५ वर्षांसाठी वर्षाला ७ रात्री, किंमत ३ लाख. १० वर्षे गेली, १५ उरली. म्हणजे १०५ रात्री शिल्लक. वार्षिक शुल्क १५ हजार असेल तर एका रात्रीमागे सुमारे २,१४३ रुपये खर्च घेणाऱ्याला आहेच. तशीच खोली त्याच हंगामात बाहेर ४,५०० ला मिळत असेल तर घेणाऱ्याची बचत रात्रीमागे २,३५७ रुपये. १०५ रात्रींचे झाले सुमारे २ लाख ४७ हजार. पण ही झाली छपराची उंची. शुल्क दरवर्षी वाढणार, खोली हवी तेव्हा मिळेलच असे नाही आणि घेणारा १५ वर्षांचे पैसे आज देणार. त्यामुळे तो याच्या निम्मेही देईल की नाही, याची शंका आहे. आणि बाहेर खोली २,००० लाच मिळत असेल तर या कागदाची किंमत शून्य आहे, कारण घेणाऱ्याला शुल्कातच तोटा आहे.

कापडाचा ताका जितका कापला जातो तितका लहान होतो. टाइमशेअरचेही तसेच आहे. तो दरवर्षी एक वार कमी होतो. जमिनीसारखा तो वाढत नाही. म्हणून १६ वर्षे वापरलेल्या मेंबरशिपला घेतलेल्या किमतीच्या दुप्पट भाव कोणी सांगितला तर आनंद मानण्याऐवजी सावध व्हावे. सुरतेत काल ६० ने विकलेले कापड आज कोणी १२० ने मागत असेल, तर त्याची नजर कापडावर नाही, आपल्या खिशावर आहे.

फसवणूक कशी चालते?

पद्धत जवळजवळ सर्वत्र एकच आहे. फोन येतो, तो आपण केलेला नसतो. समोरच्याला आपली माहिती असते. पण माहिती असणे हा खरेपणाचा पुरावा नाही, कारण मेंबरांच्या याद्या हातोहात फिरतात. ग्राहक तयार आहे असे सांगितले जाते, पण त्या ग्राहकाशी बोलणे कधी होत नाही. मग एकामागून एक खर्च निघतात: नोंदणी, ना-हरकत, जीएसटी, टीडीएस, बँकेचे शुल्क. प्रत्येक वेळी सांगतात की हे शेवटचे आणि हे परत मिळणार.

टीडीएसचे तर सरळ आहे. हा कर पैसे देणारा देताना कापून घेतो. पैसे घेणाऱ्याने तो आधी पाठवायचा, असे जगात कोठे नाही. सरकारचा कर सरकारच्या खात्यात चलनाने जातो, कोणा एका माणसाच्या बचत खात्यात जात नाही. चेकचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. चेक खात्यात जमा होऊन वटला तरच पैसे आले. तसेच यूपीआयचा पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी लागत नाही. तुम्हाला पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका, असे कोणी म्हटले की फोन ठेवावा.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. मेक्सिकोतील पोर्तो वायार्ता या किनाऱ्यावरील शहरात अमेरिकन वृद्धांच्या टाइमशेअरना ग्राहक मिळवून देतो असे सांगून आगाऊ शुल्क व कर उकळणाऱ्या जाळ्यावर अमेरिकेच्या अर्थखात्याने २०२३ मध्ये निर्बंध लादले. त्यामागे जलिस्कोची अमली पदार्थांची टोळी असल्याचे त्या खात्याने जाहीर केले. युरोपीय संघाने तर २००८ च्या आपल्या निर्देशात असा नियमच केला की, टाइमशेअर विकून देणाऱ्या दलालाने प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत ग्राहकाकडून एक पैसाही आगाऊ घ्यायचा नाही. म्हणजे आपल्या कापड बाजारात जो रिवाज आहे तोच तिकडे कायदा झाला. आपल्या देशात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून हा रिवाज आपणच कायद्यासारखा पाळला पाहिजे.

सुरक्षित विक्रीची वाट

पहिले काम, कागद काढा. करार, मेंबरशिपचे प्रमाणपत्र, पैसे भरल्याच्या पावत्या, वार्षिक शुल्काच्या पावत्या एका फाइलीत लावा. करारात हस्तांतराचे कलम शोधा. दुसऱ्याच्या नावे करता येते का, शुल्क किती, रक्ताच्या नात्यात सवलत आहे का, हे तेथे लिहिलेले असते.

दुसरे, कंपनीला लेखी विचारा. करारावरील किंवा कंपनीच्या बिलावरील पत्ता वापरा, फोन करणाऱ्याने दिलेला नाही. किती वर्षे उरली, किती रात्री साठल्या, थकबाकी किती, हस्तांतराचा खर्च किती, हे चार प्रश्न. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती ठेवा, ईमेल असेल तर त्याची प्रत काढा. मेंबरशिप परत घेण्याची काही सोय आहे का, हेही त्याच पत्रात विचारा.

तिसरे, ग्राहक ओळखीत शोधा. ज्याला दरवर्षी फिरायला जायचे आहे असा डॉक्टर, शिक्षक, व्यापारी आपल्या माहितीत असतोच. त्याच कंपनीचे जुने मेंबरही घेणारे निघतात, कारण त्यांना माल ठाऊक असतो. दलाल घ्यायचाच असेल तर त्याचा पत्ता, दुकान, त्याने केलेले जुने सौदे पाहा आणि दलाली विकलेल्या रकमेतून देण्याचे लिहून घ्या. तो नाही म्हणाला तर प्रश्न तेथेच मिटला.

चौथे, ऐब लपवू नका. वार्षिक शुल्क किती, ते कसे वाढत गेले, दिवाळीत खोली मिळत नाही, हे घेणाऱ्याला आधीच सांगा. दोष लपवून माल विकणे हे आपल्या दीनमध्ये नापसंत आहेच, पण व्यवहारातही ते महाग पडते. आपण ज्या गोड भाषणाला फसलो तेच भाषण दुसऱ्याला ऐकवून सुटका करून घेणे म्हणजे दगा पुढे सरकवणे होय.

पाचवे, पैसे आणि कागद बरोबरीने हलवा. दोघांच्या सहीचा, दोन साक्षीदारांचा लेखी करार करा. कोणता स्टॅम्प पेपर लागतो हे वकिलाला विचारा. बयाना घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे येतो, उलट कधीच नाही. बयाना बँकेतून घ्या. हस्तांतराचा अर्ज दोघांनी मिळून कंपनीकडे द्या, हस्तांतराचे शुल्क थेट कंपनीच्या खात्यात भरा आणि बाकी रक्कम कंपनीचे पत्र येण्याच्या दिवशी देण्याचे करारात लिहा. आधार किंवा पॅनची झेरॉक्स देताना तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा. ओटीपी कोणालाही सांगू नका.

सहावे, नाव बदलल्याचे कंपनीचे पत्र हातात येईपर्यंत सौदा पुरा झाला असे मानू नका. तोवर शुल्काचे बिल आपल्याच नावावर चढत असते.

ग्राहक मिळत नसेल तर मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावे करण्याचा विचार करावा, पण त्यालाही शुल्काचा बोजा समजावून सांगून. नुसते शुल्क भरणे बंद करून गप्प बसू नये. करारात त्याचे परिणाम काय लिहिले आहेत ते वाचून, कंपनीला पत्र देऊनच पाऊल उचलावे.

फसलो असू तर

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करा. येथे तासांना किंमत आहे, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असते आणि वाटेत थांबवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. आपल्या बँकेलाही लगेच कळवा. मग पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणत, ते फसवणुकीचे कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे.

तक्रार खुद्द मेंबरशिप देणाऱ्या कंपनीविरुद्ध असेल, म्हणजे सांगितलेली सेवा मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तेथे काम झाले नाही तर जळगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगात दाद मागू शकतो, मुंबई-चेन्नईला जाण्याची गरज नाही. ५० लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगात चालतात आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. तक्रारीची मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते.

दुलाभाईंच्या प्रकरणात आम्ही दुकानातूनच १९३० ला फोन लावला. आदल्या दिवशी गेलेल्या ३८ हजारांपैकी काही रक्कम एका खात्यात अडवली गेली आणि पुढे परत मिळाली. पहिले १४ हजार ५०० गेले ते गेलेच. नंतर मेंबरशिपचा खरा हिशेब मांडला: ९ वर्षे उरलेली, ६३ रात्री. भुसावळच्याच एका ओळखीच्या शिक्षकाने ती ४० हजारांना घेतली. त्यांना शुल्काच्या सर्व पावत्या आधी दाखवल्या होत्या. कंपनीचे पत्र आले त्या दिवशी बाकी पैसे बँकेत जमा झाले. ४ लाख ८० हजारांच्या स्वप्नापुढे ही रक्कम लहान होती, पण ती खरी होती आणि दरवर्षीचे शुल्क सुटले हा नफा वेगळाच.

सर्वांत कठीण काम त्यांच्यासाठी पैसे गमावणे हे नव्हते, ते आपाला सांगणे हे होते. फसवणारा आपल्या शरमेवरच जगतो. आपण गप्प बसलो की त्याला दुसरा हप्ता, तिसरा हप्ता मागता येतो. म्हणून असा फोन आला की पैसे पाठवण्याआधी घरात सांगा, शेजारच्या दुकानदाराला सांगा, मुलाला विचारा. आणि मनाला एकच प्रश्न करा: हा माणूस माझा माल घ्यायला आला आहे की माझे पैसे? घेणारा पैसे देतो. जो आधी मागतो, तो ग्राहक नव्हे.